दोन बॅटऱ्यांची गाडी : आयसोलेटरची निवड कशी करावी?

निवासी शाळेच्या वाहनाला दिवसभरात किती कामे करावी लागतात, हे वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सकाळी बाजारातून भाजीपाला आणणे, परीक्षेच्या दिवसांत मुलांना केंद्रावर पोचविणे, गावोगावच्या कार्यक्रमांना ध्वनिक्षेपक घेऊन जाणे आणि रात्री-अपरात्री एखाद्या आजारी मुलाला तालुक्याच्या रुग्णालयात नेणे. यांतील पहिली सर्व कामे तासभर पुढे ढकलता येतात. शेवटचे काम येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता यंत्रशाळेतला वाटेल. परंतु तो आमच्यापुढे आला तो या शेवटच्या कामाच्या निमित्ताने.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात परिसरातील रोहित्र जळाले आणि सलग तीन रात्री वीज नव्हती. आमच्या वाहनात मूळ बॅटरीखेरीज आणखी एक मोठी बॅटरी बसविलेली होती. तिच्यावर अभ्यासिकेतील दिवे, दोन पंखे आणि शिक्षकांचे फोन चालत होते. चिखलामुळे तीन दिवस गाडी जागची हलली नव्हती. तिसऱ्या रात्री एकच्या सुमारास सहावीतील एका विद्यार्थ्याला दम्याचा तीव्र झटका आला. चालककाकांनी किल्ली फिरविली. ‘कट्-कट्’ असा आवाज आला आणि तोही थांबला. मोठ्या मुलांनी धक्का दिला, पण इंजिनाला इंधन पुरविणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच जागी होण्याइतकी वीज उरली नव्हती. अखेर शेजारच्या शेतकरी बांधवाने ट्रॅक्टर आणला, त्याच्या बॅटरीवरून तारा जोडल्या, तेव्हा गाडी सुरू झाली. पाऊण तास गेला. मुलगा वाचला, हे आमचे भाग्य. त्या पाऊण तासाची आठवण मात्र आजही आम्हांस अस्वस्थ करते.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून पाहिले तेव्हा कारण समजले. दुसरी बॅटरी बसविताना दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके एका जाड तारेने सरळ जोडून टाकली होती. काम स्वस्तात झाले म्हणून आम्हीही समाधानी होतो. ‘दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे दुप्पट सुरक्षितता,’ अशी आमची समजूत होती. वस्तुस्थिती अगदी उलट होती. सरळ तारेने जोडलेल्या दोन बॅटऱ्या विजेच्या दृष्टीने एकच मोठी बॅटरी असतात; उतरतात तेव्हा दोघी बरोबरच उतरतात. त्यांच्यामध्ये जे उपकरण असावयास हवे होते, त्याला बॅटरी आयसोलेटर म्हणतात. आपले अनेक माजी विद्यार्थी आज स्वतःची वाहने चालवितात. कोणी ध्वनिक्षेपकाची गाडी ठेवतात, कोणी रुग्णवाहिका, कोणी फिरते दुकान. त्यांना आमच्या चुकीतून काही घेता यावे, म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

दोन बॅटऱ्या, दोन स्वभाव

शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. आज आपल्या बहुतेक वाहनांत जी बॅटरी असते, तिचे मूळ तत्त्व तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विश्रांत ठेवून मोजली असता सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखविते, १२.२ च्या आसपास ती अर्धी झालेली असते आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांतले अंतर एका व्होल्टहूनही कमी आहे. ‘बारा व्होल्ट दाखवितो, म्हणजे बॅटरी ठीक आहे,’ हे वाक्य गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. ते फसवे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ असतात. त्यामुळे क्षणभर प्रचंड प्रवाह देणे तिला जमते. ‘सेल्फ’ मारताना लहान डिझेल वाहन दोन-तीनशे ॲम्पिअर सहज ओढते, पण केवळ दोन-तीन सेकंद. हिशेब केला, तर २५० ॲम्पिअर तीन सेकंद म्हणजे ७५० ॲम्पिअर-सेकंद, अर्थात जेमतेम पाव ॲम्पिअर-तासाहून कमी वीज. एक दिवा दहा-पंधरा मिनिटे लावला तर जेवढी वीज लागेल, जवळपास तेवढाच हा खर्च आहे. परंतु ती वीज एकदम आणि जोमाने मिळावी लागते. अर्धमेल्या बॅटरीला तेच जमत नाही.

दुसरी बॅटरी, म्हणजे सहायक बॅटरी, वेगळ्या कामाची. तिने थोडा प्रवाह तासन् तास द्यावा अशी अपेक्षा असते. अशा कामासाठी जाड पत्र्यांची, खोलवर वापर सोसणारी बॅटरी लागते. इंजिनाची बॅटरी दिव्या-पंख्यांसाठी वारंवार उतरविली, तर तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि काही महिन्यांत ती निकामी होते. म्हणून दोन बॅटऱ्या असणे योग्यच. मात्र त्यांचे व्यवहार वेगळे हवेत.

आयसोलेटर काय करतो?

त्याचे काम एका वाक्यात सांगता येईल : इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांना अल्टरनेटरकडून वीज मिळू द्यावी आणि इंजिन बंद झाले की त्यांना परस्परांपासून वेगळे ठेवावे. अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही डायनॅमो म्हणतात, तो दोघींनाही भरतो; दिवे-पंखे मात्र फक्त सहायक बॅटरीतून घेतात. सहायक बॅटरी पूर्ण संपली तरी किल्ली फिरविताच इंजिन सुरू झाले पाहिजे. आयसोलेटरची परीक्षा एवढीच.

येथे शब्दाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. बस व ट्रकमध्ये बॅटरीची मुख्य तार तोडण्यासाठी जो हाताने फिरविण्याचा खटका असतो, त्यालाही दुकानात ‘आयसोलेटर’ म्हणतात. तो कट-ऑफ स्विच होय. वाहन दीर्घकाळ उभे ठेवताना किंवा दुरुस्तीच्या वेळी तो उपयोगी पडतो. दोन बॅटऱ्यांमधील व्यवहार आपोआप सांभाळणे हे त्याचे काम नव्हे. दुकानदाराकडे मागणी करताना ‘दोन बॅटऱ्यांसाठी’ हे शब्द आवर्जून सांगावेत.

खरेदीपूर्वीचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न : आपल्याला वीज किती लागते? आमच्या वाहनाचा हिशेब असा. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे ३६ वॅट, अठरा वॅटचे दोन पंखे ३६ वॅट, ध्वनिक्षेपक सरासरी ४० वॅट, फोन चार्जिंग ८ वॅट. एकूण १२० वॅट. बाराने भागले असता दहा ॲम्पिअर. चार तासांचे चाळीस ॲम्पिअर-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, हा दीर्घायुष्याचा साधा नियम. म्हणून किमान ऐंशी, आणि थोडी शिल्लक धरून शंभर ॲम्पिअर-तासांची बॅटरी आम्हांस पुरेशी ठरते. हा हिशेब न करता ‘मोठ्यात मोठी’ बॅटरी घेणारे पुष्कळ भेटतात. पण मोठी बॅटरी भरण्यासही तेवढाच वेळ लागतो. वापरलेले चाळीस ॲम्पिअर-तास परत भरताना पहिला मोठा भाग लवकर भरतो, शेवटच्या पाचव्या हिश्शाला मात्र कित्येक तास लागतात. वीस मिनिटांच्या बाजारफेरीने ती बॅटरी भरत नाही, मग आयसोलेटर कितीही उत्तम असो.

दुसरा प्रश्न : आपल्या गाडीचा अल्टरनेटर कोणत्या प्रकारचा आहे? निवडीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याकडे. जुन्या वाहनांतील अल्टरनेटर इंजिन चालू असेपर्यंत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट स्थिरपणे देत राहतो. नव्या अनेक वाहनांत इंधन वाचविण्यासाठी संगणक अल्टरनेटरला आज्ञा देतो. बॅटरी पुरेशी भरली असे वाटले की व्होल्टेज साडेबाराच्या आसपास उतरविले जाते आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर ते पंधरापर्यंत चढविले जाते. यालाच ‘स्मार्ट अल्टरनेटर’ म्हणतात. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. त्यानंतरच्या वाहनांत असा अल्टरनेटर असण्याचा संभव अधिक आहे. प्रत्येक वाहनात तो असतोच असे मात्र नाही. तेव्हा तर्क करण्यापेक्षा मोजून पाहणे बरे. मल्टिमीटर मूळ बॅटरीच्या टोकांना लावावा, सोबत्याला वाचन करावयास सांगावे आणि अर्धा तास गाडी चालवावी. दिवे बंद असताना, चढावर, उतारावर असे आकडे टिपावेत. आकडा साडेतेराच्या वर स्थिर राहिला तर अल्टरनेटर साधा. मध्येच तेराच्या खाली उतरून पुन्हा चढत असेल तर तो स्मार्ट समजावा. बॅटरीच्या ऋण टोकावर छोटी काळी पेटी आणि तिला बारीक वायर असेल, तर ती बॅटरीची स्थिती मोजणारी संवेदक असते. तीही अशा यंत्रणेची एक खूण आहे.

तिसरा प्रश्न : सहायक बॅटरी कोणत्या जातीची? घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी वाहनात बसविण्याचा मोह अनेकांना होतो. ती खोलवर वापरासाठी चांगली असली, तरी खड्ड्यांत आम्ल सांडण्याचा धोका असतो आणि भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. मुले बसतात त्या कक्षात तिला स्थान नाही. सीलबंद एजीएम बॅटरी त्या दृष्टीने बरी. तिलाही पक्क्या पट्ट्याने आवळून हवेशीर जागी ठेवावे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी आणि दीर्घायुषी आहे, पण तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती अल्टरनेटरकडून भरमसाट प्रवाह ओढते. साध्या रिलेने जोडल्यास अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय तिच्या आतील संरक्षक यंत्रणेने एकाएकी जोडणी तोडली, तर व्होल्टेजचा झटका बसून गाडीतील इलेक्ट्रॉनिक भागांना इजा होऊ शकते.

आयसोलेटरचे प्रकार

हाताचा खटका. सर्वांत साधा आणि सर्वांत स्वस्त. इंजिन सुरू झाल्यावर चालकाने जोडावा, बंद करताना तोडावा. त्याचा दोष यंत्रात नाही, माणसाच्या स्मरणात आहे. तीनशे दिवस आठवण राहील आणि नेमक्या ज्या दिवशी घाई असेल, त्या दिवशी विसर पडेल. ज्या वाहनाला अनेक चालक आहेत, तेथे हा मार्ग आम्ही सुचविणार नाही.

किल्लीवर चालणारा रिले. किल्ली ‘ऑन’ झाली की रिलेचे चुंबक दोन्ही बॅटऱ्या जोडते. गॅरेजमध्ये बहुधा हाच बसवून मिळतो. त्यात दोन खाचखळगे आहेत. किल्ली फिरताच जोडणी होत असल्याने ‘सेल्फ’ मारताना सहायक बॅटरीही त्या बारीक तारेतून इंजिनाकडे प्रवाह लोटते आणि फ्यूज उडतो. दुसरे म्हणजे, इंजिन बंद ठेवून किल्ली ‘ऑन’ असताना ध्वनिक्षेपक लावला तर दोन्ही बॅटऱ्या पुन्हा एकत्र उतरतात. अल्टरनेटर प्रत्यक्ष वीज देऊ लागल्यावरच जिवंत होणाऱ्या, चार्जिंगच्या दिव्याच्या तारेवरून रिले चालविल्यास हे दोन्ही दोष बरेच कमी होतात. रिलेच्या कॉइलचा भार त्या तारेला पेलेल ना, हे मात्र जाणकाराकडून पाहून घ्यावे. आणखी एक सावधगिरी : येथे ‘सेल्फ’चा सोलेनॉइड वापरू नये. तो काही सेकंद चालण्यासाठी बनविलेला असतो, तासन् तास चालविला तर त्याची कॉइल जळते. सतत चालण्यास योग्य असा रिले मागून घ्यावा.

डायोड आयसोलेटर. यात हलणारा भाग नसतो. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे एका बॅटरीतून दुसरीत प्रवाह जाणे अशक्य होते. तत्त्व सुंदर आहे. पण साध्या सिलिकॉन डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्टची तूट येते. अल्टरनेटर १४.२ देत असेल तर बॅटरीपर्यंत साडेतेराच पोचतात आणि ती कधीच पूर्ण भरत नाही. काही गाड्यांत अल्टरनेटरची व्होल्टेज मोजणारी तार बॅटरीकडे नेऊन ही तूट भरून काढता येते, सर्वांत नाही. मॉसफेट वापरलेल्या नव्या आयसोलेटरांत ही तूट अगदी थोडी असते; घ्यावयाचाच असेल तर तो घ्यावा.

व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले. हा रिले मूळ बॅटरीचे व्होल्टेज सतत पाहतो. ते साधारण १३.३ च्या वर गेले, म्हणजे अल्टरनेटर भरू लागला असे समजून तो दोघींना जोडतो, १२.८ च्या आसपास उतरले की तोडतो. किल्लीशी त्याचा संबंध नाही, चालकाच्या स्मरणाशीही नाही. इंजिन आधी सुरू होते, मूळ बॅटरी थोडी सावरते आणि मगच सहायक बॅटरीला वाटा मिळतो. काही रिले दोन्ही बाजूंचे व्होल्टेज पाहतात. सहायक बॅटरीवर सौर पॅनेल असेल तर ती भरल्यावर उरलेली वीज मूळ बॅटरीलाही मिळते. सुट्टीत महिनाभर उभ्या राहणाऱ्या शाळेच्या गाडीला ही सोय मोलाची आहे. साधा अल्टरनेटर आणि शिसे-आम्ल सहायक बॅटरी असेल, तेथे आमच्या मते हीच निवड सर्वांत समतोल आहे. स्मार्ट अल्टरनेटरपुढे मात्र हा रिले गोंधळतो. व्होल्टेज उतरले की इंजिन चालू असतानाही तो जोडणी तोडतो आणि सहायक बॅटरी अर्धपोटी राहते.

डीसी-टू-डीसी चार्जर. हा आयसोलेटरही आहे आणि चार्जरही. येणारे व्होल्टेज कमी असो वा अधिक, तो सहायक बॅटरीला तिच्या जातीनुसार हवे तेच व्होल्टेज आणि ठरविलेलाच प्रवाह देतो. स्मार्ट अल्टरनेटर असेल किंवा लिथियम बॅटरी असेल, तर दुसरा विचार करू नये. किंमत रिलेच्या कितीतरी पट असते. तारेचा हिशेब करताना हे ध्यानात ठेवावे की, तीस ॲम्पिअरचा चार्जर १४.४ व्होल्टने ४३२ वॅट देतो; अल्टरनेटरकडून १२.५ व्होल्ट येत असतील आणि दहा टक्के वीज उष्णतेत जात असेल, तर तो आत सुमारे ३८ ॲम्पिअर ओढतो. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत त्याला किल्लीवरून येणारी संकेताची तार अवश्य जोडावी, म्हणजे इंजिन बंद असताना तो मूळ बॅटरीतून घेत राहणार नाही.

मोठ्या बसगाड्यांत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. तेथे त्यांतील एकीवरून बारा व्होल्ट काढून दिवे किंवा ध्वनिक्षेपक चालविण्याची सवय सर्रास दिसते. त्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी आणि दुसरी अतिभरित राहून दोन्ही लवकर जातात. अशा वाहनासाठी चोवीस व्होल्टचाच रिले, अथवा चोवीसाचे बारा करणारा चार्जर घ्यावा.

आकडा कोणता पाहावा?

आयसोलेटरवर १००, १४०, २०० असे ॲम्पिअरचे आकडे छापलेले असतात. तो आकडा आपल्या अल्टरनेटरच्या कमाल क्षमतेहून कमी नसावा. अल्टरनेटर ९० ॲम्पिअरचा असेल तर १४० चा रिले निश्चिंतपणे चालतो. रिकाम्या बॅटरीला जोडताच पहिली काही मिनिटे प्रवाह पुष्कळ वाहतो. कमी क्षमतेच्या रिलेचे संपर्कबिंदू त्या वेळी वितळून चिकटतात. चिकटलेला रिले म्हणजे पुन्हा ती सरळ तार, आणि त्याचे चिन्ह बाहेरून दिसत नाही. स्वस्त मालात हा धोका अधिक असतो.

तारा आणि फ्यूज

चांगला आयसोलेटर घेऊन बारीक तार वापरणे म्हणजे विहीर खोदून छिद्र पडलेली बादली सोडणे. सहायक बॅटरी मागच्या बाजूस, पाच मीटर तारेच्या अंतरावर आहे असे समजू. तांब्याच्या सहा चौरस मिलिमीटर तारेतून पन्नास ॲम्पिअर वाहत असता एकाच बाजूला सुमारे पाऊण व्होल्ट वाटेत नष्ट होतो. सोळा चौरस मिलिमीटर तारेत हीच तूट पाव व्होल्टच्या आसपास येते, पंचवीसमध्ये त्याहूनही कमी. सबंध खेळ एका व्होल्टच्या आतला आहे, हे आपण वर पाहिले. त्यात पाऊण व्होल्ट गमावणे परवडणारे नाही.

या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. ती मध्ये कोठेही घासून गाडीच्या सांगाड्याला टेकली, तर दोन्हीकडून शेकडो ॲम्पिअर तिच्यात शिरतात आणि आग लागते. म्हणून दोन्ही टोकांना, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, एकेक फ्यूज अनिवार्य आहे. फ्यूज तारेच्या क्षमतेनुसार निवडावा, कारण तो तारेच्या रक्षणासाठी असतो. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणे हा गुन्हाच समजावा. तारेला नळीचे आवरण द्यावे, पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसवावे, लग हातोडीने न ठोकता दाबयंत्राने घट्ट दाबून घ्यावेत. सहायक बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या जागी जोडावे. मूळ बॅटरीच्या ऋण टोकावर संवेदक असेल तर थेट त्या टोकाला जोडू नये, अन्यथा गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो.

आयसोलेटर जे करीत नाही

आयसोलेटर मूळ बॅटरीचे रक्षण करतो. सहायक बॅटरीला पूर्ण उतरण्यापासून तो वाचवीत नाही. त्यासाठी सुमारे १२ व्होल्टवर भार आपोआप तोडणारे छोटे उपकरण सहायक बॅटरी आणि दिव्यांच्या मध्ये बसवावे लागते. ते नसेल तर दर दीड-दोन वर्षांनी बॅटरी बदलण्याची तयारी ठेवावी.

तसेच, जोडलेली सर्व जादा उपकरणे सहायक बाजूलाच असली पाहिजेत. आयसोलेटर बसवूनही ध्वनिक्षेपकाची पिन डॅशबोर्डच्या सॉकेटमध्येच खोचलेली आम्ही अनेक गाड्यांत पाहिली आहे. तो सॉकेट मूळ बॅटरीवर चालतो. उष्णतेचाही विचार हवा. शिसे-आम्ल बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. विदर्भातील उन्हाळ्यात सहायक बॅटरी इंजिनाशेजारी ठेवणे म्हणजे तिला भट्टीत ठेवणे होय. निकामी झालेली बॅटरी भंगारात फोडू देऊ नये. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती विक्रेत्याकडे परत देता येते.

ताबा घेण्यापूर्वीची तपासणी

काम पूर्ण झाले, बिल दिले, असे न करता मल्टिमीटर घेऊन चार गोष्टी स्वतः पाहाव्यात. एक : इंजिन बंद असताना आणि गाडी काही तास उभी असताना सहायक बाजूचे सर्व दिवे लावावेत, मूळ बॅटरीचा आकडा हलता कामा नये. दोन : इंजिन सुरू करून काही मिनिटांनी दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे जवळजवळ सारखे यावेत, फरक पाव व्होल्टहून अधिक असेल तर तार बारीक किंवा जोड सैल आहे. डीसी-टू-डीसी चार्जर असल्यास आकडे वेगळे असणारच. तेथे सहायक बॅटरीला योग्य व्होल्टेज मिळते का, तेवढे पाहावे. तीन : इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने जोडणी तुटते का, ते पाहावे. ताज्या भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज हळूहळू उतरते, म्हणून रिलेला काही मिनिटे लागली तर घाबरू नये. चार, आणि हीच खरी परीक्षा : एका रात्री सहायक बॅटरीवरील भार आपोआप तुटेपर्यंत सर्व काही चालू ठेवावे आणि सकाळी गाडी सुरू करावी. पहिल्या किल्लीत इंजिन सुरू झाले, तर काम झाले.

आमचा निर्णय

आमचे वाहन २०२० पूर्वीचे आहे. अर्धा तास मोजून पाहिले तेव्हा अल्टरनेटर स्थिरपणे १४.१ व्होल्ट देत होता. म्हणून आम्ही १४० ॲम्पिअरचा, दोन्ही बाजूंचे व्होल्टेज पाहणारा रिले, शंभर ॲम्पिअर-तासांची सीलबंद बॅटरी, पंचवीस चौरस मिलिमीटरची तार, दोन फ्यूज आणि भार तोडणारे उपकरण असा संच बसविला. बसविण्याचे काम वाहनांच्या विजेचा व्यवसाय करणाऱ्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने केले आणि मजुरी घेण्यास नकार दिला. पुढे नवे वाहन आले, तर त्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जरची तरतूद आम्ही आतापासूनच अंदाजपत्रकात धरली आहे. ज्यांची गाडी नवी आहे आणि हमीच्या मुदतीत आहे, त्यांनी कोणतीही जोडणी करण्यापूर्वी अधिकृत सेवाकेंद्राचे मत घ्यावे, हेही नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

गतवर्षी वादळात पुन्हा दोन दिवस वीज गेली. अभ्यासिकेत दिवे लागले, दहावीच्या मुलांचा अभ्यास थांबला नाही. दुसऱ्या रात्री साडेदहाला भार आपोआप तुटला आणि अंधार झाला. मुलांनी हळहळ व्यक्त केली. चालककाका मात्र उठून बाहेर गेले, किल्ली फिरविली, इंजिन एका दमात सुरू झाले. त्यांनी ते लगेच बंद केले आणि आत येऊन म्हणाले, “आता निजा, बाळांनो. गाडी तयार आहे.”